राइटचा इंग्लिश बोलीकोश: ‘नेश’ या एका शब्दावर घेतलेली पारख

इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे डर्बीशर, नॉटिंगहॅमशर, स्टॅफर्डशर आणि शेफील्डच्या आसपास, जरा गारवा सुटला की कुडकुडायला लागणाऱ्या माणसाला ‘नेश’ म्हणतात. थंडी न सोसणारा, नाजूक, आणि वर थोडी टिंगल. प्रमाण इंग्रजीच्या छोट्या कोशांत हा शब्द सापडलाच तर ‘बोलीतला’ अशी खूण आणि एका ओळीचा अर्थ, एवढ्यावर काम भागवलेलं असतं. त्यापलीकडचं हवं असेल, म्हणजे तो कुठे कुठे बोलत, आणखी कोणते अर्थ होते, मूळ काय, तर आजही सगळ्यात आधी उघडावा तो जोसेफ राइट यांनी संपादित केलेला ‘द इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’. १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत निघालेला हा कोश आता इन्सब्रुक विद्यापीठाच्या कृपेने आंतरजालावर फुकट शोधता येतो. हे परीक्षण दोन्हींचं आहे, छापील खंडांचं आणि त्यांच्या डिजिटल रूपाचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. शब्द कुठे बोलत आणि कोणकोणत्या अर्थांनी बोलत, या दोन प्रश्नांना या कोशाच्या तोडीचं दुसरं काही नाही. शब्द आला कुठून, या तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र एकट्या या कोशावर विसंबू नये. पंचाईत अशी, की बहुतेक लोक तिसऱ्याच प्रश्नासाठी तो उघडतात, कंसातली दोन ओळींची व्युत्पत्ती उचलतात आणि वरचा खरा ऐवज तसाच सोडून देतात.

कोशामागचा इतिहास थोडक्यात, कारण वापरताना तो उपयोगी पडतो. भाषाअभ्यासक वॉल्टर स्कीट यांच्या पुढाकाराने १८७३ मध्ये इंग्लिश डायलेक्ट सोसायटी स्थापन झाली. तिने काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, शब्दसंग्रह छापले आणि सगळ्यांचा मिळून एक कोश व्हावा असा घाट घातला. ते काम राइट यांच्याकडे आलं आणि १८९६ मध्ये सोसायटी विसर्जित झाली. राइट यांचा जन्म १८५५चा, यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा. पोरवयात सॉल्टेअरच्या गिरणीत काम, पंधराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नाही, पुढे हायडेलबर्गची डॉक्टरेट आणि १९०१ पासून ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचं प्राध्यापकपद. बोली त्यांनी पुस्तकातून शिकली नव्हती, ती त्यांची घरची भाषा होती. म्हणून कोशात वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागाच्या, नोंदींपुढे कंसात ‘जे. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरं दिसली की थांबून वाचावं. ती राइट यांची स्वतःची साक्ष असते आणि उच्चार व अर्थ या दोन्ही बाबतींत ती संग्राहकांच्या ऐकीव माहितीपेक्षा सरस ठरते.

कोशाची मर्यादा त्याच्या उपशीर्षकातच लिहिलेली आहे: त्या वेळी वापरात असलेले, किंवा आधीच्या दोनशे वर्षांत वापरात होते असं ठाऊक असलेले बोलीशब्द. म्हणजे ढोबळमानाने १७०० ते १९००. १७००च्या आधी मेलेला शब्द इथे नाही आणि १९०५ नंतर जन्मलेलाही नाही. शाळकरी मुलं खेळाच्या बुटांना गावोगाव वेगवेगळी नावं देतात, ती इथे शोधणाऱ्याची बहुतेक निराशाच होते.

आता ‘नेश’. एन हे अक्षर चौथ्या खंडात येतं, एम ते क्यू, १९०३. नोंद उघडली की मुख्य शब्दानंतर व्याकरणाची जात, मग काउंट्यांच्या लघुरूपांची लांबलचक रांग, मग लेखनभेद (नॅश, नेइश अशी रूपं इथे भेटतात), चौकटी कंसात उच्चार, आणि त्यानंतर क्रमांकवार अर्थ. प्रत्येक अर्थाखाली काउंटीचं नाव देऊन उदाहरणं. शेवटी पुन्हा चौकटी कंसात मूळ. बहुतेक नोंदींचा सांगाडा हाच. एकदा नजर बसली की पानभर नोंदही मिनिटभरात चाळता येते.

काउंट्यांची रांग पाहूनच पहिला धक्का बसतो. आज ‘नेश’ हा मिडलंड्सचा, म्हणजे त्या मधल्या पट्ट्याचा, शब्द म्हणून ओळखला जातो, पण राइटच्या काळी तो उत्तरेपासून थेट नैऋत्येपर्यंत पसरलेला होता. टॉमस हार्डी यांच्या ‘द वुडलँडर्स’ या १८८७च्या कादंबरीत तो दक्षिणेकडच्या पात्राच्या तोंडी येतो, तो उगाच नाही. म्हणजे आजचा नकाशा हा आटलेल्या तळ्याचा नकाशा आहे. शब्द मिडलंड्समध्ये जन्मला नाही, तिथे उरला. ‘हा आमच्याच गावचा शब्द’ या नेहमीच्या दाव्याची तपासणी करायला ही एक रांग पुरते.

दुसरा फायदा अर्थांचा. थंडी न सोसणे हा ‘नेश’चा एकमेव अर्थ नाही, आणि सर्वांत जुनाही नाही. मऊ, कोवळा, लुसलुशीत हा मूळ अर्थ. त्यातून प्रकृतीने नाजूक, त्यातून थंडीला हळवा, आणि त्यातून कच खाणारा, भित्रा. क्रियापद म्हणूनही तो चालतो: ऐन वेळी माघार घेणं, कचरणं. आजच्या बोलण्यात ‘नेश’ म्हणताना जी टिंगल असते तिचा उगम या शेवटच्या अर्थात आहे. थंडीबद्दल बोलता बोलता माणसाच्या धैर्यावरच बोट ठेवलं जातं. भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणाऱ्या यॉर्कशर-डर्बीशरच्या गमतीदार शब्दपुस्तिकांत ‘नेश म्हणजे ज्याला थंडी वाजते तो’ एवढंच असतं, म्हणून त्या वाचून शब्द वापरणारा हमखास फसतो. प्रत्येक गारठलेला माणूस नेश नसतो. बर्फात कुडकुडणाऱ्याला कोणी नेश म्हणत नाही. जिथे इतरांना काही वाटत नाही तिथे कुडकुडणारा तो नेश.

मग कडाक्याच्या थंडीने खरोखर गारठलेल्याला काय म्हणायचं? इथे डिजिटल आवृत्ती छापील खंडांच्या फार पुढे जाते. छापील कोशात तुम्ही शब्दाकडून अर्थाकडेच जाऊ शकता. इन्सब्रुकच्या आवृत्तीत उलटा प्रवास करता येतो: शोधाची जागा ‘मुख्य शब्द’वरून ‘व्याख्या’वर न्यायची, थंडीसाठीचा इंग्रजी शब्द घालायचा आणि काउंटीची गाळणी लावायची. उत्तरेत ‘निदर्ड’ आणि ‘स्टार्व्ह्ड’, दक्षिणेत ‘श्रॅम्ड’ असे शब्द हाती लागतात. गाळणी न लावता हाच शोध घेतला तर निकालांचा ढीग पडतो आणि त्यात सर्दी-पडशाची औषधंही येतात, म्हणून आधी काउंटी, मग शब्दाची जात, अशी क्रमाने चाळणी लावत जावं. विशेषण म्हणून हवा असेल तर तसं सांगावं. क्रियापदं आपोआप गळतात.

‘स्टार्व्ह्ड’ इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण बोलीकोशाची गरज का पडते ते या शब्दाइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही. प्रमाण इंग्रजीत याचा अर्थ उपाशी. यॉर्कशर-लँकेशरच्या जुन्या बोलण्यात अर्थ थंडीने गारठलेला. बोलणारे चुकत नव्हते. जुन्या इंग्रजीतलं ‘स्टेओर्फान’ म्हणजे नुसतं मरणं. जर्मनमध्ये आजही ‘श्टेर्बेन’ म्हणजे मरणंच. पुढे मरण्याचं कारण शब्दाला चिकटलं. प्रमाण भाषेत भूक चिकटली, उत्तरेत थंडी. मग उत्तरेत भुकेल्याला काय म्हणणार? त्यासाठी ‘क्लेम्ड’ हा वेगळा शब्द लँकेशर आणि मिडलंड्समध्ये होता. पोटाला चिमटा बसलेला, अशा अर्थाचा, जर्मन ‘क्लेमेन’चा नातेवाईक. राइटच्या कोशात ‘स्टार्व्ह’ आणि ‘क्लेम’ या दोन नोंदी शेजारी ठेवून काउंट्या ताडून पाहिल्या की एका शब्दाने जागा सोडल्यावर दुसरा तिथे कसा बसतो ते कळतं. एकेका शब्दाची व्युत्पत्ती पाठ करून हे हाती लागत नाही.

आता चुका कुठे होतात ते, कारण या कोशाने चांगल्या चांगल्यांना चकवलं आहे.

पहिली आणि सर्वांत जास्त होणारी चूक काउंटीच्या लघुरूपाला डोक्यावर जोडलेल्या छोट्या आकड्याची. नॉर्थ यॉर्कशरच्या लघुरूपावर एक, दोन असे आकडे दिसतात. वाचणारा समजतो, हे जिल्ह्याचे विभाग असणार. तसं नाही. तो आकडा स्रोताचा आहे. त्या काउंटीचे जे प्रमुख छापील शब्दसंग्रह होते त्यांना राइट यांनी क्रमांक दिले. नॉर्थ यॉर्कशर एक म्हणजे क्लीव्हलंड भागाचा संग्रह, नॉर्थ यॉर्कशर दोन म्हणजे व्हिटबीचा. किल्ली खंडांच्या सुरुवातीला आणि सविस्तर यादी शेवटच्या खंडात आहे. डिजिटल आवृत्तीत स्रोत उलगडून पाहता येतो, तो पाहावाच. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: एखाद्या काउंटीतली पाच उदाहरणं प्रत्यक्षात एकाच संग्राहकाची असतात, म्हणजे पाच साक्षीदार नसून एकच. उलट एकाच काउंटीचे दोन वेगळे आकडे आणि वर एका पत्रलेखकाची आद्याक्षरं असतील तर ती भक्कम साक्ष.

दुसरी चूक काउंट्यांच्या सीमांची. कोशातल्या काउंट्या १९७४च्या फेररचनेच्या आधीच्या आहेत. त्यात ग्रेटर मँचेस्टर नाही, मर्सीसाइड नाही, वेस्ट मिडलंड्स नाही, कम्ब्रियाही नाही. मँचेस्टरचा शब्द लँकेशरखाली शोधावा, शेफील्डचा वेस्ट रायडिंगखाली, बर्मिंगहॅमचा मुख्यतः वॉरिकशरखाली, कम्ब्रियाचा कम्बरलंड आणि वेस्टमोरलंड या दोन ठिकाणी. ब्लॅक कंट्री तर स्टॅफर्डशर आणि वुस्टरशर यांच्या सीमेवर आडवी पसरलेली, त्यामुळे दोन्ही गाळण्या लावल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. शेफील्डचा माणूस आपला शब्द ‘यॉर्कशर’च्या गाळणीत पाहून खूश होतो आणि शेजारी डर्बीशरमध्ये तोच शब्द आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही, कारण त्याने तिथे पाहिलेलंच नसतं. कोशाच्या नकाशावर काउंटी भरलेली दिसली म्हणजे अख्ख्या काउंटीत शब्द होता असंही नव्हे. यॉर्कशरएवढ्या प्रचंड काउंटीत एका खोऱ्यातली एक नोंदही सगळा भाग रंगवून टाकते.

तिसरी चूक स्पेलिंगची. बोलीशब्दाला ठराविक स्पेलिंग नसतं, त्यामुळे आज चहाच्या मगावर छापलेलं रूप कोशात मुख्य शब्द म्हणून असेलच असं नाही. यॉर्कशरमध्ये खेळणे या अर्थाचा जो शब्द आज एल-ए-आय-के असा लिहितात, तो जुने कोश एल-ए-के-ई असा, म्हणजे तळ्याच्या इंग्रजी शब्दासारखाच लिहितात. तळ्याची नोंद दिसली की वाचणारा पान उलटतो आणि हवी ती नोंद तिथेच खाली राहून जाते. प्रमाण इंग्रजीत भाऊबंद असलेल्या शब्दांचं आणखी वेगळं: ‘नाउट’ (काही नाही) आणि ‘आउट’ (काहीतरी) यांसारखे शब्द प्रमाण रूपाखाली गेलेले असतात, कारण राइट यांच्या दृष्टीने ते त्याच शब्दांचे उच्चारभेद. छापील खंडात यासाठी सूचनानोंदी आहेत, पण प्रत्येक रूपाला नाहीत. डिजिटल आवृत्तीत ‘लेखनभेद’ या जागी शोध घेतला की हा प्रश्न बराचसा सुटतो. शब्द मिळाला नाही म्हणून ‘कोशात नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी तीन पायऱ्या घ्याव्यात: आधी लेखनभेद, मग व्याख्येतून उलटा शोध, आणि शेवटी सहाव्या खंडातली पुरवणी. पुरवणी बरेच जण विसरतात. पहिला खंड १८९८ला निघाला, त्यानंतर सात वर्षं माहिती येतच राहिली. त्यामुळे वर्णमालेच्या सुरुवातीच्या अक्षरांसाठी पुरवणी जास्तच महत्त्वाची.

उच्चारांबद्दल एवढंच, की चौकटी कंसातली चिन्हं ही आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी नव्हे. राइट यांची स्वतःची योजना आहे. काही चिन्हं सारखी दिसतात आणि तिथेच घात होतो. किल्ली बाजूला उघडी ठेवावी. सहाव्या खंडाच्या शेवटी जोडलेलं बोलीव्याकरण याच चिन्हांवर चालतं. ते ज्याला लागतं त्याला फार लागतं, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

आता मूळ. ‘नेश’च्या नोंदीच्या शेवटच्या कंसात जुन्या इंग्रजीतला ‘ह्नेशे’ हा शब्द दिला आहे, अर्थ मऊ. इथवर राइट बरोबर आहेत आणि अनेकांना एवढं पुरतंही. पण हे पटावं कशाने? १७००च्या अलीकडे राहायचं असं बंधन घातलेल्या कोशाला मधल्या सात-आठशे वर्षांचा पुरावा मांडायचं कारणच नाही. शिवाय राइट यांना ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा आधार या अक्षरासाठी मिळू शकला नव्हता. तिकडचा एल-एम-एनचा खंड १९०८ला पुरा झाला, राइटचा चौथा खंड १९०३चा. म्हणून कोश मिटवून पुढे जावं लागतं, आणि ‘नेश’च्या बाबतीत ही वाट फार सुरेख आहे.

बॉसवर्थ आणि टोलर यांचा जुन्या इंग्रजीचा कोश फुकट पाहता येतो. त्यात ‘ह्नेशे’ काढा. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या वेसेक्स बोलीतल्या शुभवर्तमानांत अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे: फांदी कोवळी झाली आणि पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला असं समजा. त्या कोवळ्या फांदीसाठी जो शब्द आहे तो हाच. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात तलम वस्त्रं ल्यालेल्या माणसाचा उल्लेख आहे, तिथेही हाच. आणि गंमत पुढे आहे. त्याहून सहाशे-एक वर्षं जुन्या गॉथिक बायबलात (गॉथिक ही इंग्रजीच्या नात्यातली, आता लुप्त झालेली भाषा) त्याच ओळीत, त्याच तलम वस्त्रांना ‘ह्नास्क्वस’ या शब्दाचं रूप लावलेलं आहे. दोन भाषा, एकच वाक्य, एकच धातू. डर्बीशरच्या बसथांब्यावर आज जो शब्द टिंगलीत वापरतात तो गॉथिकपर्यंत मागे नेता येतो, आणि प्रमाण इंग्रजीने तो कधीच टाकून दिलेला आहे.

ध्वनींचा हिशेबही जुळतो का ते पाहावं. जुन्या इंग्रजीत शब्दाच्या आरंभी ‘ह्न’ होतं, त्यातला ‘ह’ पुढे गळाला: ‘ह्नुतु’चं ‘नट’ झालं, ‘ह्नेक्का’चं ‘नेक’. त्याच न्यायाने ‘ह्नेशे’चं ‘नेश’. शेवटचा ‘श’ तर अस्सल देशी इंग्रजी असल्याची खूण, कारण जुन्या इंग्रजीत एस-सी ही जोडी ‘श’कडे सरकली, तर उत्तरेकडच्या व्हायकिंगांच्या भाषेत ती ‘स्क’ राहिली. ‘शर्ट’ इंग्रजी आणि ‘स्कर्ट’ नॉर्स, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. तेव्हा ‘उत्तरेचा शब्द म्हणजे व्हायकिंगांचा’ हे जे सरसकट ऐकू येतं ते ‘नेश’ला लागू पडत नाही. ‘नाइस’शी त्याचं नातं जोडणारेही भेटतात. तेही चूक, ‘नाइस’ लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला.

व्हायकिंगांचा शब्द पाहायचा असेल तर मघाचा खेळण्याचा शब्द घ्यावा. तो नॉर्स ‘लेइका’वरून. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, तिन्ही भाषांत त्याची भावंडं अजून खेळणे याच अर्थाने नांदताहेत. जुन्या इंग्रजीतही त्याचा सख्खा शब्द होता, पण त्यातल्या स्वराने उत्तरेतल्या या रूपाचा खुलासा नीट होत नाही, नॉर्सने होतो. यॉर्कशरच्या गिरण्यांत याच शब्दाला ‘काम नसल्याने घरी बसणे’ असा दुसरा अर्थ आला. मुलांचा खेळ आणि मजुराचा बुडालेला रोज एकाच शब्दात. राइट स्वतः गिरणीतून आलेले, त्यामुळे हे त्यांच्या कानावरचं बोलणं. एरवी मात्र कोशाचा एकूण कल ग्रामीण आहे. शब्दसंग्रह करणारे बरेचसे पाद्री, शिक्षक, जमीनदार. नांगर, मेंढ्या, गवत यांवरचे शब्द उदंड, शहरातल्या कामगार वस्त्यांचं बोलणं त्यामानाने तुटपुंजं, आणि शिव्या तर बेताच्याच.

ऑक्सफर्डचा मोठा कोश आंतरजालावर पैसे भरून मिळतो. ब्रिटनमधल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांच्या सभासदांना मात्र तो घरबसल्या फुकट पाहता येतो. मधल्या शतकांचा पुरावा, तारीखवार अवतरणं आणि सुधारलेली व्युत्पत्ती तिथे मिळते. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश फुकट आहे आणि ११५०-१५०० या टप्प्यासाठी तो राइटच्या कोशाला उत्तम जोड देतो. शब्द स्कॉटलंडचा असेल तर राइटमध्ये वेळ घालवू नये, जरी त्यांनी तिथल्याही काउंट्या घेतल्या असल्या तरी. स्कॉट्स भाषेचा स्वतंत्र डिजिटल कोश फुकट आहे आणि त्या कामात तो कितीतरी पुढे आहे.

१९०५ नंतर शब्दाचं काय झालं हे पाहायला लीड्स विद्यापीठाची इंग्लिश बोलींची पाहणी. हॅरल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीट यांनी आखलेली, १९५० ते १९६१, ३१३ ठिकाणं, तेराशेहून अधिक प्रश्न. पाहणी करणाऱ्याने अपेक्षित शब्द स्वतः उच्चारायचा नाही, ‘याला तुम्ही काय म्हणता?’ अशा आडवाटेने काढून घ्यायचा, हा तिचा दंडक. त्यामुळे ‘शब्द ठाऊक आहे’ आणि ‘शब्द तोंडी आहे’ यांतला फरक तिथे कळतो. राइटच्या कोशात तो कळत नाही. मात्र उत्तरं देणारे बहुतेक खेड्यातले, वयस्कर. शहरांसाठी बीबीसीचा २००५चा ‘व्हॉइसेस’ उपक्रम पाहावा. लहरी, फुरंगटलेला या अर्थाचा ‘मार्डी’ अजून मिडलंड्सभर किती जोरात आहे ते अशा ठिकाणी दिसतं. (‘मार्डी’ म्हणजे ‘मार्ड’, बिघडवलेलं, लाडावलेलं मूल, त्यावरून.)

काही शब्दांपुढे सगळेच कोश हात टेकतात. दोन घरांमधली अरुंद बोळ, ‘गिनल’. ‘चॅनल’शी नातं असावं असा कयास आहे, पण तो कयासच. काही ठिकाणी सुरुवातीला ‘ग’ आणि काही ठिकाणी ‘ज’ उच्चारतात, त्यामुळे कोडं आणखी गुंततं. अशा वेळी राइट कंस मोकळा ठेवतात किंवा नुसती तुलना सुचवतात. याची कदर करावी. कारण दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा: ‘चॅव’ (खालच्या थरातल्या उडाणटप्पू तरुणासाठीचा तुच्छतेचा शब्द) या शब्दाला सरकारी घरांवरून केलेलं आद्याक्षरी मूळ चिकटवून लोक मोकळे झाले, चॅटम गावावरूनही काढून झालं, वास्तविक तो रोमानी या जिप्सींच्या भाषेतल्या मुलगा या अर्थाच्या शब्दापाशी जातो. जुन्या बोलीशब्दाचं मूळ आद्याक्षरांत सांगितलेलं दिसलं की पुढे वाचू नये. विसाव्या शतकाआधी असे शब्द घडण्याची रीत जवळपास नव्हतीच.

घ्यायचं काय? शोधण्यासाठी इन्सब्रुकची आवृत्ती, निःशंक. अक्षरओळख यंत्राकडून करून मग सुधारलेला मजकूर असल्याने अधूनमधून चूक दिसते, विशेषतः उच्चारचिन्हांत आणि आकड्यांत, म्हणून उद्धृत करण्याआधी छापील पानाची प्रतिमा उघडून ताडून घ्यावी. सहाही खंडांच्या प्रतिमा इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, उतरवून ठेवता येतात. छापील संच विकत घेण्याचं कारण फक्त एकच: चाळणं. यंत्र जे विचारलं तेच देतं. पानावर शेजारची नोंदही दिसते. जुना संच घेताना सहावा खंड आहे ना ते आधी पाहावं, कारण पुरवणी, स्रोतांची यादी आणि व्याकरण तिन्ही त्यातच, आणि तो नसला तर डोक्यावरचे ते छोटे आकडे उलगडत नाहीत. पहिला खंड हाती आला की त्याच्या सुरुवातीची एक यादीही पाहून ठेवावी: पुरेशी माहिती मिळाली नाही म्हणून तूर्त मागे ठेवलेले शब्द. एखाद्या घरात आजीच्या तोंडी ऐकलेला आणि कुठेच न सापडलेला शब्द कधी कधी तिथे निघतो.